सर्फॅक्टंट ऑक्सिजनशिवाय विघटित होतो का: बाटलीतली टेस्ट कशी लावायची आणि आकडा कसा वाचायचा

डिटर्जंटच्या पाकिटावर बायोडिग्रेडेबल असं छापलेलं असतं ना, ते जवळजवळ नेहमी हवेतल्या टेस्टच्या जोरावर छापलेलं असतं. २८ दिवस, भरपूर ऑक्सिजन, ६० टक्के खनिजीकरण, म्हणजे पदार्थ तुटून साध्या अजैविक रूपात जाणं, झालं की पास. युरोपच्या २००४ सालच्या ६४८ नंबरच्या डिटर्जंट नियमातही मुख्य अट हीच आहे. पण सांडपाण्यात गेलेल्या सर्फॅक्टंटचा, म्हणजे डिटर्जंटमधल्या मळ काढणाऱ्या घटकाचा, बराच भाग गाळाला चिकटतो, तो गाळ जातो बंद डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ कुजवायच्या टाकीत, आणि तिथे ऑक्सिजन औषधालाही नसतो. मग तिथे काय होतं हे हवेतल्या टेस्टवरून कळणार कसं?

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे एलएएस, लिनिअर अल्किलबेंझिन सल्फोनेट, जगभरातल्या कपडे धुण्याच्या पावडरींमधला मुख्य गडी. हवेत तो भराभर तुटतो, पण त्याची साखळी टोकाकडून कुरतडायला बॅक्टेरियांना पहिल्याच पायरीला ऑक्सिजनचा रेणू लागतो, तो नसला की गाडी तिथेच अडते. म्हणून डायजेस्टरमधून निघालेल्या सुक्या गाळात एलएएस किलोमागे काही ग्रॅम इतका सापडतो. याउलट साबण, फॅटी अल्कोहोल सल्फेट, अल्कोहोल इथॉक्सिलेट, अल्किल पॉलिग्लुकोसाइड, एस्टरक्वाट ही मंडळी ऑक्सिजनशिवायही बऱ्यापैकी तुटतात. तुमच्या हातातला नवीन माल कुठल्या गटातला आहे हे शोधायचं असेल तर खालची टेस्ट.

कुठली पद्धत धरायची

मी ओईसीडी ३११ ही आंतरराष्ट्रीय टेस्ट पद्धत धरून लिहितोय, ही २००६ ची, आणि १९९५ ची आयएसओ ११७३४ तिची सख्खी बहीण, फरक फार नाही. कल्पना सोपी आहे: डायजेस्टरचा धुतलेला गाळ, क्षारांचं पाणी आणि तुमचा पदार्थ हा एकमेव कार्बनचा सोर्स असं सगळं बंद बाटलीत घालून ३५ अंशाला ६० दिवसांपर्यंत ठेवायचं, पदार्थ तुटला तर त्याचा कार्बन मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येणार, वरच्या मोकळ्या जागेतलं प्रेशर मोजायचं, शेवटी पाण्यात विरघळून राहिलेला अजैविक कार्बन, म्हणजे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि त्याचे बायकार्बोनेटसारखे क्षार, मोजायचा, दोन्हीची बेरीज टाकलेल्या कार्बनशी ताडून बघायची.

बऱ्याच लोकांचा घोळ असा होतो की ते याला प्रेशरची टेस्ट समजतात. ही कार्बनच्या जमाखर्चाची टेस्ट आहे, प्रेशर ही त्यातली फक्त एक नोंद, आणि सर्फॅक्टंटच्या बाबतीत तर अर्धवट नोंद.

आधी माल ओळखा

बाजारातला सर्फॅक्टंट क्वचितच शुद्ध असतो. कुठे ७० टक्के सक्रिय घटक आणि बाकी पाणी, कुठे पातळ करायला घातलेलं इथेनॉल किंवा आयसोप्रोपेनॉल, कुठे प्रिझर्वेटिव्ह. पाण्याने काही बिघडत नाही पण अल्कोहोलने बिघडतं, कारण ते बॅक्टेरिया आवडीने खातात, त्याचा गॅस होतो आणि तुमचा न तुटणारा सर्फॅक्टंट १५-२० टक्के तुटल्यासारखा दिसतो. प्रिझर्वेटिव्ह असेल तर उलटं, तो गाळच मारून टाकतो. त्यामुळे शक्य असेल तर शुद्ध नमुना मागवा, नसेल तर निदान सॉल्व्हंट किती आहे ते पुरवठादाराकडून लिहून घ्या.

मग कार्बनचं प्रमाण काढा. फॉर्म्युला माहीत असेल तर हिशोबाने, मिश्रण असेल तर टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन मोजणाऱ्या मशिनवर मोजून. सोडियम डोडेसिल सल्फेट घ्या, रेणूभार साधारण २८८, त्यात १२ कार्बन म्हणजे १४४, बरोब्बर निम्मा. म्हणजे लिटरला १०० मिग्रॅ कार्बन हवा तर २०० मिग्रॅ पदार्थ घालावा लागणार.

आणि इथेच अडचण येते. पद्धतीत लिटरला २० ते १०० मिग्रॅ कार्बन इतकी रेंज दिलीय. साध्या पदार्थाला १०० घ्यायला हरकत नाही, गॅस भरपूर निघतो, मोजायला सोपं. पण सर्फॅक्टंट हे पेशीच्या आवरणाशीच खेळतात, मिथेन बनवणारे जीव आधीच नाजूक, त्यात २०० मिग्रॅ सर्फॅक्टंट ओतला तर ते गपगार पडू शकतात. कॅटायनिक, म्हणजे धन भाराच्या, प्रकारात तर धोका अजून जास्त. म्हणून माझं मत विचाराल तर सर्फॅक्टंटसाठी दोन डोस एकदम लावा, एक २० ते ३० चा आणि एक ७० ते १०० चा. कमी डोसला चांगला तुटला आणि जास्त डोसला नाही, तर दोष विघटनाचा नसून विषारीपणाचा आहे हे लगेच दिसतं. एकच डोस लावलात तर हे ६० दिवसांनी कळतं, तेही कळलं तर.

गाळ आणणे आणि धुणे

टेस्टचा जीव इथे आहे, त्यामुळे हा भाग जरा लांबेल.

गाळ घ्यायचा तो प्रामुख्याने घरगुती सांडपाणी घेणाऱ्या प्रकल्पाच्या चालू डायजेस्टरमधून, आणि डायजेस्टर मध्यम तापमानाचा, म्हणजे पस्तिशीच्या आसपासचा असावा. एखाद्या कारखान्याच्या डायजेस्टरमधला गाळ त्या कारखान्याच्या मालाला सरावलेला असतो, त्याच्यावर आलेला आकडा सगळीकडे लागू होत नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीत तोंडापासून सेंटीमीटरभर जागा सोडून गच्च भरा, झाकण घट्ट. मात्र गाळ वाटेतही गॅस सोडत असतो, बाटली फुगते, शक्यतो सेफ्टी व्हॉल्व्हवालं झाकण घ्या आणि लॅबमध्ये पोचल्यावर हुडखाली हळूच प्रेशर सोडा. हातमोजे आणि चष्मा हवाच, हा गाळ रोगजंतूंनी भरलेला असतो आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास नाकाला सवय झाली की यायचा बंद होतो, वास गेला म्हणजे गॅस गेला असं समजू नका.

आणल्या आणल्या वापरू नका. गाळात स्वतःचंच खाणं शिल्लक असतं, त्याचा गॅस ब्लँकमध्ये, म्हणजे सर्फॅक्टंट न घातलेल्या तुलनेच्या बाटलीत, येतो आणि ब्लँक मोठा झाला की तुमचा सिग्नल त्यात बुडतो. म्हणून ३५ अंशाला आठवडाभरापर्यंत नुसता उपाशी ठेवायचा. त्यापेक्षा जास्त ठेवलात तर गॅस कमी होईल पण गाळाची ताकदही जाईल.

मग धुणं. गाळाच्या पाण्यात विरघळलेला अजैविक कार्बन प्रचंड असतो आणि तो तसाच राहिला तर शेवटी मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून छोटा आकडा काढायची वेळ येते, त्यात चूक किती येणार ते तुम्हीच बघा. त्यामुळे गाळ बंद नळ्यांमध्ये सेंट्रिफ्यूज करायचा, वरचं पाणी टाकायचं, ऑक्सिजन काढलेल्या मीडियात, म्हणजे खाली दिलेल्या क्षारांच्या पाण्यात, परत मिसळायचा, अजैविक कार्बन मोजायचा, लिटरला १० मिग्रॅच्या खाली आला का बघायचं, नाही आला तर अजून एकदा. दोनदा धुवून पुरत नसेल तरी तिसऱ्या-चौथ्यांदा धूत बसू नका, प्रत्येक धुण्याला थोडे जीव मरतात आणि थोडी हवा आत शिरते. सेंट्रिफ्यूज करताना नळीच्या वरच्या जागेत नायट्रोजन भरायला बरेच जण विसरतात.

शेवटच्या मिश्रणात एकूण घन पदार्थ लिटरला १ ते ३ ग्रॅम राहतील एवढाच गाळ घ्या. जास्त घातला की जास्त जोमात तुटेल असं वाटतं खरं, पण ब्लँकचा गॅसही तेवढाच वाढतो, आणि २० मिग्रॅचा डोस असेल तर मग काहीच वेगळं दिसत नाही.

मीडिया

एक लिटरला: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.२७ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट, बारा रेणू पाण्याचा, १.१२ ग्रॅम, अमोनियम क्लोराइड ०.५३, कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्याचा, ०.०७५, मॅग्नेशियम क्लोराइड, सहा पाण्याचा, ०.१०, फेरस क्लोराइड, चार पाण्याचा, ०.०२, रिझाझुरिन ०.००१ आणि सोडियम सल्फाइड, नऊ पाण्याचा, ०.१० ग्रॅम. पीएच ७ च्या आसपास, ०.२ इकडे तिकडे चालेल. डायजेस्टरच्या इतर कामांत बायकार्बोनेटचा बफर घालायची सवय असते, इथे तो बिलकुल घालायचा नाही, अजैविक कार्बन मोजायचाय आणि तोच आपण ओतायचा याला अर्थ नाही, म्हणून फॉस्फेट.

पाण्यातून आधी नायट्रोजन सोडून ऑक्सिजन काढा, साधारण २० मिनिटं. सल्फाइड अगदी शेवटी, वापरायच्या आधी. ते ॲसिडच्या जवळ नेऊ नका, विषारी गॅस सुटतो. रिझाझुरिन हा तुमचा पहारेकरी: ऑक्सिजन असेल तर निळा किंवा गुलाबी, नसेल तर बिनरंगी. बाटली गुलाबी दिसली तर ती बाद. अर्थात बिनरंगी झालं म्हणजे मिथेनवाल्यांना हवं तितकं सगळं झालं असंही नाही, त्यांना याहून खालचं रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरणाची ताकद अजून कमी असलेलं पाणी, लागतं, पण गाळ स्वतःच ते काम करून घेतो.

बाटल्या लावणे

काचेच्या, प्रेशर सहन करणाऱ्या, ब्युटाइल रबरचा सेप्टम, म्हणजे सुई टोचता येणारं बूच, आणि वरून ॲल्युमिनियमची क्रिंप केलेली टोपी. सिलिकॉनचा सेप्टम घेऊ नका, त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो. एकूण जागेच्या १० ते ३० टक्के मोकळी ठेवा. मोकळी जागा लहान तर प्रेशर मोठं, मोजायला बरं, पण बाटली फुटायची भीतीही मोठी. ५०० मिलीच्या बाटलीत ४०० मिली द्रव आणि १०० मिली मोकळं हे मला सोयीचं वाटतं. मात्र प्रत्येक बाटलीची खरी मोकळी जागा पाणी भरून मोजा, लेबलवरच्या आकड्यावर जाऊ नका, कारण तो आकडा थेट हिशोबात गुणला जातो.

सेट असा:

- फक्त गाळ आणि मीडिया, म्हणजे ब्लँक, किमान ३, जमलं तर ५
- गाळ आणि तुमचा सर्फॅक्टंट, प्रत्येक डोसला किमान ३
- गाळ आणि संदर्भ पदार्थ, म्हणजे हमखास तुटणारा, सोडियम बेंझोएट, फिनॉल किंवा पीईजी ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), निदान ३
- गाळ, सर्फॅक्टंट आणि संदर्भ पदार्थ एकत्र, विषारीपणा बघायला

शेवटची ओळ पुष्कळ जण खर्च वाचवायला गाळतात. सर्फॅक्टंटसाठी नेमकी तीच सगळ्यात कामाची आहे, इतर काही गाळा पण ती नको.

सगळं नायट्रोजनच्या प्रवाहाखाली भरा. सर्फॅक्टंट घातल्यावर द्रवातून नायट्रोजन बुडबुडवू नका, फेस उसळून टोपीपर्यंत येतो आणि पदार्थ काचेला चिकटून बसतो. आधी मीडिया आणि गाळ, मग नायट्रोजनचा झोत फक्त वरच्या जागेत ठेवून पिपेटने सर्फॅक्टंटचं द्रावण द्रवाच्या पृष्ठभागाखाली सोडायचं, मग बंद. पाण्यात न विरघळणारा माल असेल तर तो थेट वजन करून घाला, सॉल्व्हंटमध्ये विरघळवून घालाल तर त्या सॉल्व्हंटचाच गॅस मोजत बसाल.

बाटल्या ३५ अंशाच्या इन्क्युबेटरमध्ये, अंधारात. तासाभराने तापमान स्थिर झालं की हलवून सुईने जादा प्रेशर सोडून शून्यावर आणा. हे का, तर ३५ अंशाला पाण्याच्या वाफेचंच प्रेशर ५६ मिलिबार असतं, शिवाय गार नायट्रोजन गरम होऊन फुगतो, हे दोन्ही गॅस उत्पादन म्हणून मोजले जायला नकोत.

६० दिवस

आठवड्यातून एकदा प्रेशर घ्या, सुरुवातीला दोनदा घेतलं तर कर्व्ह चांगला दिसतो. मोजायच्या आधी काही मिनिटं बाटली हलवा म्हणजे द्रव आणि गॅसमधला तोल बसतो. बाटली इन्क्युबेटरच्या तापमानालाच असताना मोजा, बाहेर काढून टेबलावर रांगेत ठेवून मोजत गेलात तर शेवटची बाटली पहिलीपेक्षा गार असते आणि फरक तुम्ही विघटनाच्या खात्यात टाकता. मीटरला सुई आणि तीन तोंडांचा व्हॉल्व्ह, मधली नळी होईल तितकी आखूड. प्रेशर फार वाढलं तर सोडा, पण सोडण्याआधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा. चेहऱ्यावर शील्ड, आणि जवळपास ज्योत नको, मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असताना पेट घेतो.

कर्व्ह सपाट झाला तर ६० दिवसांआधीही थांबता येतं. ६० व्या दिवशी चढच सुरू असेल तर अजून चालू ठेवा, तसं नोंदवा.

शेवटचा दिवस

हा दिवस घाईत उरकू नका. शेवटचं प्रेशर घ्या, गाळ बसू द्या, मग एकेक बाटली उघडून वरच्या द्रवाचा विरघळलेला अजैविक कार्बन तिथल्या तिथे मोजा. आधी सगळ्या उघडून ठेवल्या आणि मग मशिनवर गेलात तर उघड्या सोड्याच्या बाटलीसारखं होतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो. गाळणं, सेंट्रिफ्यूज करणं हेही नाही, त्याच कारणाने. पीएच पण लगेच बघा, ७ पासून एकने इकडे तिकडे ठीक, त्यापलीकडे गेला असेल तर काहीतरी बिनसलंय.

हिशोब

ब्लँकचं सरासरी प्रेशर वजा करून निव्वळ प्रेशर काढा. मग गॅसमधला कार्बन मिग्रॅमध्ये असा: १२००० गुणिले ०.१ गुणिले प्रेशर मिलिबारमध्ये गुणिले मोकळी जागा लिटरमध्ये, भागिले ८.३१४ गुणिले केल्विन तापमान. मिथेन असो की कार्बन डायऑक्साइड, एका मोलमध्ये १२ ग्रॅम कार्बनच असतो, म्हणून गॅसची वेगवेगळी मोजणी लागत नाही, ही या पद्धतीची गंमत.

समजा निव्वळ ४०० मिलिबार, मोकळी जागा ०.१ लिटर, तापमान ३०८. येतात १८.७ मिग्रॅ. द्रवात ब्लँक वजा जाता लिटरला २५ मिग्रॅ अजैविक कार्बन, द्रव ०.४ लिटर, म्हणजे १० मिग्रॅ. एकूण २८.७. टाकला होता लिटरला १०० च्या हिशोबाने ४० मिग्रॅ. विघटन ७२ टक्के. द्रवाचा भाग सोडून दिला असता तर ४७ टक्के. एकच बाटली, एकदा पास आणि एकदा नापास.

सल्फेटवाल्या सर्फॅक्टंटमध्ये तर हे अजून बोचतं. डोडेसिल सल्फेट तुटला की सल्फेट सुटतं, सल्फेट खाणारे बॅक्टेरिया त्यावर ताव मारतात आणि मिथेनसाठी जाणारे इलेक्ट्रॉन पळवतात. नुसतं डोडेकॅनॉल पूर्ण तुटलं तर हिशोबाने ९ मिथेन आणि ३ कार्बन डायऑक्साइड, सल्फेट सोबत असेल तर ८ आणि ४. कार्बन १२ चा १२ च, पण जास्त भाग पाण्यात विरघळणाऱ्या बाजूला गेला. म्हणून केवळ मिथेन मोजून निष्कर्ष काढणाऱ्यांच्या टेबलात सल्फेटवाले नेहमी थोडे कमी दिसतात.

आकडा वाचताना

पहिलं म्हणजे संदर्भ पदार्थ ६० टक्क्यांच्या वर गेला का. नसेल तर गाळ मेलेला आहे, पुढचं काही वाचू नका.

दुसरं, एकत्रवाली बाटली. त्यात बेंझोएटचाही गॅस दबला असेल तर तुमचा सर्फॅक्टंट विघटित होत नाही असं लिहिता येत नाही, फक्त या डोसला तो गाळाला मारतो एवढंच लिहिता येतं. ब्लँकपेक्षाही कमी गॅस, म्हणजे उणे टक्के, हीसुद्धा विषारीपणाचीच खूण.

तिसरं, पठार, म्हणजे कर्व्ह आडवा होण्याची जागा, कुठे आलंय. मला यात सगळ्यात जास्त माहिती मिळते. नऊ इथॉक्सी गटांचा नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेट घ्या: एकूण ३३ कार्बन, त्यातले १८ इथॉक्सी साखळीत, म्हणजे ५४ टक्के. आता समजा कर्व्ह छान चढला आणि पन्नाशीच्या आसपास कायमचा आडवा झाला, तर साखळी खाल्ली गेली आणि नॉनिलफिनॉल तसंच उरलं अशी दाट शंका घ्यायला पाहिजे, आणि ते मूळ मालापेक्षा जास्त विषारी आहे. टक्का बरा दिसतो, प्रत्यक्षात प्रकरण वाईट. अशा वेळी द्रव आणि गाळ दोन्हींचं रासायनिक विश्लेषण करा. गाळाला मिथेनॉलने धुवून काढल्याशिवाय उरलेला सर्फॅक्टंट सापडत नाही, तो कणांना चिकटून असतो, आणि नुसतं वरचं पाणी मिथिलीन ब्लू या रंगाच्या टेस्टने तपासून सगळा गेला म्हणणाऱ्या रिपोर्टवर मी तरी विश्वास ठेवत नाही, चिकटणं आणि तुटणं यात फरक आहे.

चौथं, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर निकाल भक्कम धरा. खाली राहिलं तर तेवढा भक्कम नाही, कारण बाटलीत पदार्थ खऱ्या डायजेस्टरच्या मानाने खूप जास्त आणि गाळ खूप कमी असतो, परिस्थिती मुद्दाम कडक ठेवलेली आहे. युरोपियन इकोलेबलसारख्या ठिकाणी या निकालाला वजन असतं, त्यामुळे नापास झालेल्या मालासाठी पुढची पायरी म्हणजे कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, लावलेला नमुना घेऊन खऱ्या डायजेस्टरच्या गाळात, न धुता, अगदी कमी डोसला बघणं, ओईसीडी ३१४ मध्ये त्याचा वेगळा भाग आहे. ते महाग आहे आणि किरणोत्सारी काम असल्याने परवाने लागतात, म्हणून आधी विषारीपणाची बाटली आणि कमी डोसची बाटली दोन्ही नीट वाचून घ्या, बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

रिपोर्टमध्ये टक्क्यासोबत गाळ कुठल्या प्रकारच्या प्रकल्पाचा, किती वेळा धुतला, घन पदार्थ किती, ब्लँकचं प्रेशर किती, गॅसमधला आणि द्रवातला कार्बन वेगवेगळा, आणि प्रत्येक बाटलीचा आकडा स्वतंत्र द्या. तीनपैकी एक बाटली फटकून असेल तर ती सरासरीत लपवू नका, सेप्टम गळका होता का ते आधी तपासा.